दाई गेली, आता बाळंतिणीच्या उशाशी कोण?

माझा जन्म दवाखान्यात झालेला नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावी, मधल्या खोलीत, लाइट गेलेली असताना कंदिलाच्या उजेडात झाला. माझी नाळ कापणारी बाई मातंग समाजातली होती. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. आमच्या मोहल्ल्यातल्या दोन पिढ्या तिच्या हातावर जन्मल्या. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या मागे तिचं काम करणारं गावात कुणी उरलं नाही.

गेल्या रमजान ईदला गावी गेलो होतो. शीरखुर्मा आटोपल्यावर घरातल्या बायका मागच्या पडवीत बसल्या होत्या. धाकटी बहीण दुसऱ्यांदा गरोदर आहे, त्यामुळे विषय बाळंतपणाचा निघाला. दादी म्हणाली, "मावशी असती तर पोरीला एवढी धास्ती वाटली नसती." त्यावर अम्मी पटकन म्हणाली, "मावशी होती तरी तुमची दोन लेकरं गेलीच ना?" थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग बहीण म्हणाली, "मला दवाखानाच पाहिजे. पण तिथे मावशीसारखं कुणीतरी जवळ पाहिजे."

तिघींपैकी कुणीच चुकीचं बोलत नव्हतं. दादीला आधार आठवत होता, अम्मीला मृत्यू आठवत होता आणि बहिणीला दोन्ही कळत होतं. आपल्याकडे दाई की दवाखाना, असा वाद घातला जातो तेव्हा या तिसऱ्या वाक्याकडे दुर्लक्ष होतं. आजचं हे संपादकीय त्या वाक्याबद्दल आहे.

आधी जमेची बाजू

वीस वर्षांत आपल्या देशात बाळंतपणाची जागा बदलली. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली जेमतेम 39 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019-21 च्या सर्वेक्षणात हा आकडा 89 टक्क्यांच्या जवळ गेला. महाराष्ट्रात याच काळात तो सुमारे 65 टक्क्यांवरून जवळपास 95 टक्क्यांवर पोचला. म्हणजे आपल्या राज्यात आज घरी बाळंत होणारी बाई वीसातली एक आहे.

हे आपोआप घडलं नाही. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीला थेट पैसे मिळू लागले. त्याच काळात गावोगावी आशाताई आल्या. 2011 मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, जेवण आणि ने-आण मोफत झाली. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली.

परिणाम दिसला. 2001-03 मध्ये महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये हा आकडा 33 वर आला. देशाचा आकडा याच काळात 301 वरून 97 वर आला. यामागे शिक्षण, लग्नाचं वाढलेलं वय, रस्ते, रक्तपेढ्या अशी इतरही कारणं आहेत. तरीही दवाखान्याचा वाटा नाकारता येणार नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव एखाद्या बाईला दोन-तीन तासांत संपवू शकतो. तो थांबवायला इंजेक्शन लागतं, सलाइन लागतं, वेळ पडली तर रक्त आणि शस्त्रक्रिया लागते. कितीही अनुभवी दाईच्या पिशवीत यातलं काही नसायचं.

तेव्हा हा लेख "जुनं ते सोनं" म्हणणारा नाही, हे सुरुवातीलाच सांगतो.

बायका दाईबद्दल काय सांगतात

ग्रामीण स्त्रियांना दाईबद्दल विचारलं की बहुतेक सुशिक्षित माणसं उत्तर गृहीत धरतात. अडाणीपणा, परंपरा, नवऱ्याचा आणि सासूचा दबाव, दवाखान्याची भीती. यातलं प्रत्येक कारण कुठे ना कुठे खरं आहेच. पण नीट बसून ऐकलं तर बायका वेगळ्याच गोष्टी सांगतात, आणि त्या फार नेमक्या असतात.

पहिली गोष्ट, दाई थांबायची. कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत ती हलायची नाही. रात्र असो, पाऊस असो. तिची ड्युटी संपायची नाही.

दुसरी, ती अंगाला हात लावायची. पाठ चोळायची, कमरेला तेल लावायची, पोटावर हात ठेवून बाळ कसं आहे ते सांगायची. दवाखान्यातही हात लागतो, पण तो तपासण्यापुरता.

तिसरी, ती चालू-फिरू द्यायची. उकिडवं बसायचं असेल तर बसा, खाटेला धरून उभं राहायचं असेल तर राहा, चहा घ्यायचा असेल तर घ्या. लेबर रूममध्ये मात्र टेबलावर उताणं पडून राहायचं. गंमत अशी की इथे विज्ञान दाईच्या बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशी सांगतात की धोका नसलेल्या बाळंतपणात स्त्रीला हिंडू-फिरू द्यावं, तोंडाने पाणी आणि खाणं घेऊ द्यावं आणि कोणत्या स्थितीत बाळंत व्हायचं ते तिला ठरवू द्यावं.

चौथी, ती आपल्या भाषेत बोलायची. आमच्या घरात दखनी बोलतात, मावशी मराठी बोलायची, पण दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. "वार", "कळा", "अंगावरून जाणं" हे शब्द दोघींच्या तोंडी सारखेच होते. दवाखान्यात कागदावर काय लिहिलंय ते विचारायचीही बाईला चोरी वाटते.

पाचवी, दाईचं काम मूल जन्मल्यावर संपत नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस ती येऊन बाळाला न्हाऊ घालायची, आईला शेक द्यायची, दूध येत नसेल तर काय खायचं ते सांगायची. आमच्याकडे छठीला तिचा मान असायचा. चाळीस दिवसांचा चिल्ला होईपर्यंत घरात तिचा पाय असायचा. दवाखाना दोन-तीन दिवसांत सुट्टी देतो. त्यानंतर बाईला रडू येतं, छाती दुखते, टाके ओले राहतात, तेव्हा विचारायला कुणी नसतं.

सहावी, पैसे. दाई साडी, ज्वारी, खोबरं, हाताला येतील तेवढे रुपये घ्यायची. तेही सवडीने. दवाखान्यात सगळं मोफत असल्याचं भिंतीवर लिहिलेलं असतं, तरी मुलगा झाला की "खुशाली" मागणारे हात पुढे येतात, हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच घरांनी घेतला आहे.

ही यादी एकदा सलग वाचून पाहा. थांबणं, स्पर्श, मोकळीक, भाषा, नंतरची काळजी, परवडणं. यात "मला सुरक्षित बाळंतपण नको" असं कुठेही नाही. बायका दवाखान्याला नाही म्हणत नव्हत्या. दवाखान्यात काय कमी आहे ते सांगत होत्या.

दाईचं दुसरं चित्र

आता नाण्याची दुसरी बाजू. शहरात बसून गावच्या दाईचं गुणगान करणं सोपं असतं. बायकांनी तिच्याबद्दल सांगितलेल्या कडू गोष्टीही ऐकल्या पाहिजेत.

दादीची दोन मुलं गेली. त्यातलं एक आठव्या दिवशी. त्याने दूध ओढणं सोडलं, मग अंग ताठ झालं. दादी आजही म्हणते, "बाहेरचं झालं." मला मोठेपणी कळलं की ही लक्षणं धनुर्वाताची असतात. अस्वच्छ पात्याने नाळ कापली किंवा तिला राख-शेण लावलं की तो व्हायचा. आईला धनुर्वाताची लस आणि नाळेला निर्जंतुक पातं, एवढ्याने तो टळतो. 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हद्दपार झाला. दादीच्या काळात हे झालं असतं तर मला आणखी एक चाचा असता.

मूल अडलं तर जोरात पोट दाबणं, वार पडली नाही तर ओढणं, धोक्याची वेळ ओळखायला उशीर होणं, यातून किती बाया गेल्या त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पुढे पुढे काही ठिकाणी कळा वाढवायला गावातल्या पदवी नसलेल्या डॉक्टरकडून घरीच इंजेक्शन टोचून घेण्याची पद्धत आली. ती तर दाईच्या जुन्या पद्धतीपेक्षाही घातक होती.

आणि दाईला सगळीकडे मान होता, असंही नाही. पॅट्रिशिया जेफरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यात राहून 1980 च्या दशकात अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1989 मध्ये आलं. तिथल्या हिंदू आणि मुस्लिम, दोन्ही घरांत दाईकडे जाणकार म्हणून कमी आणि "घाण काम" करणारी म्हणून जास्त पाहिलं जायचं. तिला मोबदला तुटपुंजा होता, आणि निर्णय तिच्या हातात नसायचा.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम बहुतेक मातंग आणि इतर दलित जातींतल्या बायकांकडे असायचं. कारण उघड आहे. बाळंतपणाचं रक्त विटाळाचं मानलं जायचं, आणि विटाळ उचलायचं काम जातीने वाटून दिलेलं होतं. आपण मुसलमान म्हणतो की आमच्यात विटाळ-चांडाळ नाही, शिवाशिव नाही. माझ्या घरातली गोष्ट सांगतो. मावशीचा कप पडवीतल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. तिने ज्या हाताने मला जगात आणलं, त्या हाताला घरातल्या कपबशा चालत होत्या. पण तिचे ओठ लागलेला कप आम्हाला चालत नव्हता. लहानपणी मला ते खटकलंही नाही. आज लिहिताना लाज वाटते.

म्हणून दाईची आठवण काढायची तर पूर्ण काढावी. तिचं कौशल्य, तिची मर्यादा, आणि आपण तिला दिलेली वागणूक, तिन्ही.

जुनी सिस्टीम बंद करताना

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात एक प्रसंग नेहमी येतो. वीस-पंचवीस वर्षं जुनी सिस्टीम असते. तिची भाषा जुनी, तिच्यात धोके बरेच, दुरुस्ती करणारा माणूस निवृत्त झालेला. ती बंद करून नवी आणायची ठरते. नवी सिस्टीम वेगवान आणि सुरक्षित असते. पण ती सुरू झाली की आठवड्याभरात तक्रारी येऊ लागतात. मग कळतं की जुनी सिस्टीम अशी कितीतरी छोटी कामं गुपचूप करत होती जी कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती. वापरणाऱ्यांना ती माहीत होती. पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

बाळंतपणाच्या बाबतीत आपण नेमकं हेच केलं. 1970 च्या दशकात सरकारने गावोगावच्या दायांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यांना पेटी दिली, हात धुणं शिकवलं, निर्जंतुक पातं दिलं. 1990 च्या दशकाच्या शेवटी जगभरात मत बदललं. नुसत्या प्रशिक्षित दाईने मातामृत्यू पुरेसे कमी होत नाहीत, कुशल परिचारिका, मिडवाइफ किंवा डॉक्टर हवेत आणि मागे दवाखान्याचा आधार हवा, हे स्पष्ट झालं. निर्णय बरोबर होता. पण दाई बाळंतपणाच्या तांत्रिक कामाखेरीज जे जे करत होती, ते नव्या व्यवस्थेत कोण करणार, हा प्रश्न विचारला गेला नाही. वापरणाऱ्यांना, म्हणजे बायकांना, कुणी विचारलं नाही.

माझ्या बहिणीच्या पहिल्या बाळंतपणात ती तालुक्याच्या एका दवाखान्यात सात तास लेबर रूममध्ये एकटी होती. अम्मी दाराबाहेर, आशाताई दाराबाहेर, आम्ही सगळे पायऱ्यांवर. आत काय चाललंय ते कुणी सांगत नव्हतं. बाळ सुखरूप झालं, बहीण सुखरूप होती, आम्ही पेढे वाटले. दोन वर्षांनी तिने सांगितलं की कळांपेक्षा तिला पाणी मागायची भीती जास्त वाटत होती. शेजारच्या टेबलावरची बाई ओरडली तेव्हा तिला ऐकावं लागलेलं वाक्य मी इथे छापत नाही. गावोगावच्या लेबर रूममध्ये ते ऐकू येतं आणि वाचणाऱ्या बहुतेक बायकांना ते माहीत आहे.

तिथली नर्स वाईट होती असं मी म्हणणार नाही. एका नर्सकडे चार-पाच टेबलं, वर रजिस्टरं, वर फोन. थकलेल्या माणसाची जीभ सुटते. पण टेबलावरच्या बाईला याचा काय उपयोग? जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्येच निवेदन काढून सांगितलं की बाळंतपणात अपमान, मारहाण, दुर्लक्ष होणं हा स्त्रीच्या हक्कांचा भंग आहे. जिला एकदा अशी वागणूक मिळते ती पुढच्या वेळी उशिरा येते, किंवा येतच नाही. तेव्हा आदर हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

खासगी दवाखान्यात आदर विकत मिळतो, पण तिथे दुसरी अडचण उभी राहते. 2019-21 च्या सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांमधली 47 टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती. महाराष्ट्रात सरकारी आणि खासगी मिळून हे प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं आहे. गरज असताना सिझर जीव वाचवतं. पण लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगते आहे. म्हणजे एका दाराने बाई एकटी पडते आणि दुसऱ्या दाराने गेली तर कर्जात पडते.

दोन्ही जमवता येतं

हे जमू शकतं का? जमलेलं आहे. मलेशियाचं उदाहरण आपल्या वाचकांनी समजून घ्यावं, कारण तिथलं ग्रामीण जग आपल्याला ओळखीचं वाटेल. मलय मुस्लिम खेड्यांत 'बिदान कंपुंग', म्हणजे गावची दाई, हिच्यावर बायकांचा पूर्ण विश्वास होता. सरकारने गावोगावी प्रशिक्षित मिडवाइफ नेमल्या, पण गावच्या दाईला हाकलून दिलं नाही. तिची नोंद केली आणि दोघींमध्ये काम वाटून दिलं. बाळंतपण मिडवाइफने करायचं. मालिश, दुआ, धीर देणं, नंतरची शुश्रूषा दाईने करायची. बायकांना आपली माणसं सोडून परक्यांच्या हवाली व्हावं लागलं नाही. 1950 च्या सुमारास लाखामागे 500 च्या वर असलेले मातामृत्यू शतक संपेपर्यंत 50 च्या खाली गेले. श्रीलंकेनेही गावपातळीवरच्या सार्वजनिक आरोग्य मिडवाइफच्या बळावर अशीच मजल मारली.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांत असाच विचार केला. दायांना बाजूला न सारता त्यांच्यासोबत गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत उभ्या केल्या. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, ताप बघतात, ती देशव्यापी पद्धत 2011 मध्ये याच कामातून आली. डॉ. मीरा सद्गोपाल यांच्या पुढाकाराने झालेल्या 'जीवा' अभ्यासाने नंदुरबारसह देशातल्या चार जिल्ह्यांत दायांचं ज्ञान नोंदवून ठेवलं. म्हणजे ऐकून घेणारी माणसंही आहेत.

आणि कागदावर तर आपल्याकडेही पुष्कळ आहे. 2016 मध्ये केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. स्वतः बाळंतपणातून गेलेली घरची बाई आत बसू शकते. जिथे इतर स्त्रियांचा आडपडदा राखता येतो तिथे नवराही. 2017 च्या शेवटी 'लक्ष्य' हा कार्यक्रम आला. त्यात लेबर रूमच्या दर्जाबरोबर सन्मानाच्या वागणुकीचेही निकष आहेत. 2018 मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आली. नोंदणीकृत नर्सने 18 महिन्यांचं खास प्रशिक्षण घ्यायचं आणि धोका नसलेली बाळंतपणं स्वतंत्रपणे सांभाळायची. गरज पडली तर डॉक्टर शेजारीच. अशी मिडवाइफ म्हणजे दाईची सोबत आणि दवाखान्याचं शास्त्र एकाच बाईत. माझ्या बहिणीला जी हवी आहे, ती हीच.

अडचण एवढीच की हे कागद आपल्या मोहल्ल्यापर्यंत पोचलेले नाहीत.

आपल्या घरातले प्रश्न

आता थोडं आपल्याबद्दल. मुस्लिम घरांत बाळंतपणाचा विषय निघाला की पडद्याचा मुद्दा येतो. "पुरुष डॉक्टर असेल तर नको." ही भावना मी टाकाऊ मानत नाही. अंग झाकलेलं राहावं, दार लोटलेलं असावं, तपासणारी बाई असावी, असं कुठल्याही धर्माच्या स्त्रीला वाटतं. ती मागणी करण्याचा तिला हक्क आहे. पण तिच्या नावाने दवाखाना टाळण्याचा हक्क घरातल्या पुरुषांना कुणी दिला? जीव धोक्यात असताना पुरुष डॉक्टरने उपचार करायला शरियतची आडकाठी नाही, हे कुठलाही जाणकार आलिम सांगेल. मग दारात उभं राहून वेळ घालवणारे आपण कोण?

आपल्या परंपरेत तर सुईणीचं स्थान मोठं आहे. हनफी फिकहमध्ये जन्माच्या बाबतीत एकट्या सुईणीची साक्षही ग्राह्य धरली आहे. ज्या कामात बाईचा शब्द अखेरचा मानला गेला, त्या कामाचे निर्णय आज बैठकीत बसलेले पुरुष घेतात.

बाळंतपणात मरण पावलेल्या स्त्रीला शहीदाचा दर्जा आहे, असं हदीसमध्ये आलं आहे. जनाज्यानंतर हे सांगून आपण घरच्यांना धीर देतो, आणि तो द्यावाच. पण हा दिलासा मागे राहिलेल्यांसाठी आहे. 108 ला फोन करायला उशीर करण्याची ती सवलत नाही.

दुसऱ्या बाजूला दवाखान्यातला भेदभावही खरा आहे. मुंबईतल्या 'सेहत' संस्थेने शहरातल्या आरोग्यसेवेत मुस्लिम स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीचा अभ्यास केला आहे. "तुमच्यात कितवं?" हा प्रश्न कुठल्या सुरात विचारला जातो ते आपल्या आया-बहिणींना सांगावं लागत नाही. हाच सूर आदिवासी बाईलाही ऐकू येतो, दलित बाईलाही, पारधी बाईलाही. तेव्हा ही लढाई आपली एकट्याची मानू नये. मावशीचा कप वेगळा ठेवणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

आपण काय करू शकतो

या मासिकाचे बहुतेक वाचक विशी-तिशीतले आहेत. पुढच्या काही वर्षांत तुमच्या घरात बाळंतपण होणार आहे. म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो.

सातव्या महिन्याच्या आत, जिथे बाळंतपण करायचं त्या दवाखान्यात एकदा जाऊन या. सोबत कुणाला आत घेता का, ते विचारा. नाही म्हणाले तर 2016 च्या केंद्र सरकारच्या सूचनेचा उल्लेख करून वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. भांडू नका, पण अर्जाची पोच घ्या.

घरातल्या कोणत्या बाईने आत बसायचं ते बाळंतिणीला ठरवू द्या. ती सासूच असली पाहिजे असं नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत कोण बसतं ते शोधा. आपल्या गटातली एखादी मुलगी तिथे पोचली तर लेबर रूममध्ये पडदे, पिण्याचं पाणी, तक्रारपेटी यांचा पाठपुरावा होऊ शकतो. हे फार मोठं काम नाही, पण चिकाटीचं आहे.

नर्सिंगकडे जाणाऱ्या मुलींना पाठबळ द्या. "रात्रपाळी, परके पुरुष, लग्न कसं होईल" ही वाक्यं मी माझ्या नात्यात ऐकली आहेत. एकीकडे बाई डॉक्टर आणि बाई नर्स हवी म्हणायचं आणि दुसरीकडे आपल्या मुलीला तो युनिफॉर्म घालू द्यायचा नाही, हे कसं चालेल? पुढे मिडवाइफरीचं प्रशिक्षण घेणारी, मराठी आणि दखनी दोन्ही बोलणारी एक मुलगी एका तालुक्यात किती बायकांना धीर देईल, याचा विचार करा.

आणि चाळीस दिवसांत घरातल्या बाळंतिणीला रोज कुणीतरी "कशी आहेस" विचारा. बाळ कसं आहे ते सगळेच विचारतात.

शेवटचं, तुमच्या गावात एखादी म्हातारी दाई हयात असेल तर तिच्याजवळ जाऊन बसा. तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. तिने काय केलं, काय चुकलं, कुणी तिला कसं वागवलं, सगळं. मी मावशीचं काहीच नोंदवून ठेवलं नाही. मला तिचं पूर्ण नावसुद्धा मोहल्ल्यात चौघांना विचारून शोधावं लागलं.

बहिणीला सातवा महिना लागेल तेव्हा मी गावी जाणार आहे. अर्ज लिहून ठेवला आहे. सोबतीण म्हणून तिने अम्मीचं नाव दिलंय. अम्मी म्हणते, "मला आत चक्कर येईल." दादीने तिला सांगितलं, "काही करायचं नाही. हात धरून बसायचं. मावशी तेवढंच करायची."